अडीच हजाराचं घर

आमच्या लॅबमध्ये सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, मशीनच करतं, पण पोटातलं पाणी तपासायला आलं की पेशी मोजायचं न्यूबॉवर चेंबर अजून कपाटातून बाहेर निघतं. परवा ट्रेनी मुलीला ते दाखवताना मला मिरजेतली माझी डीएमएलटीची (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाची) व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा आठवली.

चेंबर म्हणजे जाड काच आणि तिच्यावर कोरलेली जाळी, सगळी मिळून ३ बाय ३ मिमी. मधला चौकोन बरोबर १ चौरस मिमीचा. त्यात २५ घरं, प्रत्येकात पुन्हा १६, म्हणजे ४०० बारकी घरं. बारक्या घराची बाजू ५० मायक्रॉन.

मॅडमनी विचारलं, "क्षेत्रफळ?"

"पन्नास गुणिले पन्नास. अडीच हजार चौरस मायक्रॉन."

"आणि चौरस मिमीत?"

हजार मायक्रॉनचा एक मिमी, हे तर तोंडपाठ. हजारानं भागलं आणि ठोकून दिलं, "अडीच!"

मॅडम हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "एका चौरस मिमीत अडीच-अडीचची चारशे घरं? बसवून दाखव बरं."

मग त्यांनी ग्राफ पेपर पुढे सरकवला. एक सेंमीच्या चौकोनात मिमीची घरं मोजायला लावली, पेन्सिलीचं टोक टेकवत, एकेक. दहाच्या दहा ओळी. शंभर भरली. सेंमीत मिमी दहा, पण घरं शंभर! तसंच मिमीत मायक्रॉन हजार, घरं दहा लाख. अडीच हजार भागिले दहा लाख, ०.००२५. त्याला ४०० नं गुणलं की बरोबर १ येतो.

परवाच्या मुलीनं वेगळाच घोळ घातला. जाळीच्या कोपऱ्यांतल्या, मधल्याएवढ्याच चार मोठ्या चौकोनांत तिला ३६ पेशी दिसल्या. पांढऱ्या पेशींचं पाठ केलेलं 'गुणिले ५०' लावून तिनं १८०० लिहून टाकलं. पण ते ५० येतं रक्त वीस पट पातळ केलेलं असतं म्हणून. हे पाणी तर तसंच भरलेलं. चार चौकोन म्हणजे ४ चौरस मिमी, चेंबरची खोली ०.१ मिमी, म्हणजे ०.४ घन मिमी. ३६ भागिले ०.४, एका घन मिमीत नव्वद. पोटाच्या पाण्यात न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) घन मिमीला २५० च्या वर गेले की डॉक्टर जंतुसंसर्ग धरून चालतात, म्हणून रिपोर्ट जायच्या आत तिच्या हातातून कागद काढून घेतला.

ड्रॉवरमध्ये ग्राफ पेपर होताच. दिला तिला, पेन्सिलीसकट.