एमसीआर झाली का?

लग्नात, बारशात कुणी ना कुणी गाठतंच. “मॅडम, खुनाचे तपास आणि घर, दोन्ही कसं हो सांभाळता?” विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुतेक रक्त असतं. मी हसून विषय बदलते. पण तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

रक्ताचं फार काही नाही. इन्क्वेस्ट, म्हणजे मृतदेहाचा पंचनामा करताना जखमा बघायच्या, लिहून घ्यायच्या, त्यातच डोकं गुंतलेलं असतं. घरी मागच्या दाराने शिरायचं, आधी आंघोळ, मग पोरी. संपलं.

छळतात त्या मुदती. मी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक आहे. आरोपीला अटक केली की २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायालयापुढे हजर करायचं. तिथे पीसी, म्हणजे पोलीस कोठडी मिळाली की खरी पळापळ. हत्यार, कपडे, गाडी, काय काढायचं ते याच दिवसांत. दर वेळी पंच हवेत, आणि गावात पंच म्हणून सही करायला कुणी पुढे येत नाही. कोर्टाच्या चकरा नकोत, असं तोंडावर सांगतात. मला त्यांचा राग येत नाही. आता झडती-जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं. या काळात मी घरी जाते ती कपडे बदलायला. मग एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी होते, आरोपी कारागृहात जातो आणि मी घरी.

आमच्याकडे हे सगळ्यांना पाठ आहे. नवरा फोनवर आधी विचारतो, “पीसी किती?” त्यावर शाळेचं गॅदरिंग आणि सासूबाईंचे डोळे तपासायला कोण नेणार, ते ठरतं. धाकटीने एकदा शेजारच्या काकूंना सांगितलं, “आईची एमसीआर झाली, उद्या ती घरीच आहे.” काकूंचे यजमान वकिलाकडे कारकून. त्यांना घाम फुटला.

हे गणितही १ जुलै २०२४ पासून बिघडलं. पूर्वी पोलीस कोठडी पहिल्या १५ दिवसांतच मिळायची. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत एकूण दिवस १५च, पण खुनाच्या गुन्ह्यात ते पहिल्या ६० दिवसांत तुकड्यांनी मागता येतात. सीडीआर, म्हणजे मोबाइलच्या कॉलचे तपशील उशिरा आले, त्यात नवीन नंबर सापडला, तर आरोपीला पुन्हा ताब्यात घेता येतं. तपासाला हे फार चांगलं झालं, असंच माझं मत. नवऱ्याचं मत वेगळं आहे. एमसीआर झाली तरी तो आता गाडीची तिकिटं काढत नाही.

शेवटी ९० दिवस. तेवढ्यात दोषारोपपत्र गेलं नाही, तर गुन्हा कितीही पक्का असो, आरोपी हक्काने जामीन मागतो. पहिल्या रिमांडचा, म्हणजे न्यायालयाने पहिली कोठडी दिली तो दिवसही त्यात मोजायचा, आणि शेवटचा दिवस रविवारी आला म्हणून मुदत वाढत नाही. मुदतीच्या शेवटच्या पंधरवड्यात मी घरी असले तरी उपयोग शून्य. भाजीत मीठ दोनदा पडतं. म्हणून स्वयंपाकघर सासूबाई ताब्यात घेतात, रिमांड न मागता.

सध्याच्या गुन्ह्याचे ९० दिवस ऐन दिवाळीत भरतात. चकल्या सासूबाई करणार. भाऊबीजेला भाऊ ओवाळून घ्यायला ठाण्यातच येतोय. ओवाळणीचं पाकीट मात्र चारचौघांत माझ्या हातात द्यायचं नाही, असं त्याला बजावलंय.