प्रिंट्सचं कलेक्शन: एकाच प्लेटच्या दोन प्रिंट्स मिळाल्या!

मंडळी, बऱ्याच महिन्यांनी अपडेट टाकतोय. आता एकूण अकरा प्रिंट्स झाल्या, बहुतेक एचिंग (धातूच्या प्लेटवर ॲसिडने रेघा कोरायच्या, शाई भरायची, वरची पुसायची आणि कागदावर दाबायची), दोन लिनोकट (लिनोलियमवर कोरून घेतलेला ठसा) आणि एक मोनोटाइप (गुळगुळीत प्लेटवर शाईनेच चित्र काढून घेतलेला ठसा). मोनोटाइप एकदाच निघतो, दुसरा कागद लावला तर फिकटच उमटतं, म्हणून तो युनिक धरतात.

पण यावेळची खरी कमाई वेगळीच आहे. बडोद्याच्या एका प्रिंटमेकर ताईंकडून एकाच प्लेटच्या दोन प्रिंट्स घेतल्या, एक १२/३० (तीसपैकी बारा नंबरची) आणि एक ए/पी (आर्टिस्ट्स प्रूफ), म्हणजे आर्टिस्टने स्वतःसाठी ठेवलेली. घरी शेजारीशेजारी ठेवल्या आणि तासभर बघतच बसलो, १२/३० मधलं आभाळ गच्च काळं आणि ए/पीत प्लेट जास्त पुसलीये त्यामुळे तेच आभाळ पहाटेसारखं मोकळं. बाकी रेघ न रेघ सारखी! आणि हो, १२ नंबर म्हणजे बारावीच छापलेली असं नसतं, नंबर बऱ्याचदा सगळ्या सुकल्यावर सही करताना टाकतात. ड्रायपॉइंटमध्ये (ॲसिडशिवाय, थेट सुईने प्लेटवर रेघ ओरखडायची) मात्र आधीचे ठसे खरंच वेगळे दिसतात, कारण रेघेच्या कडेची धातूची कोर दाबाने झिजत जाते आणि ती मखमली काळी छटा कमी होते.

यावरून प्रिंटमेकर कृष्णा रेड्डींचं काम परत नीट वाचलं. पॅरिसला प्रिंटमेकर हेटरच्या अतेलिए १७ या स्टुडिओत त्यांनी आणि आपल्या जेजेत शिकलेल्या काइको मोतींनी व्हिस्कॉसिटी प्रिंटिंग, म्हणजे शाईच्या पातळ-घट्टपणावर चालणारी रंगीत छपाई, घडवलं. प्लेट वेगवेगळ्या खोलीपर्यंत कोरायची, पातळ तेलकट शाई कडक रोलरने वरच्या भागावर, मग घट्ट शाई मऊ रोलरने खोलात, पातळ शाई घट्ट शाईला बसू देत नाही आणि सगळे रंग एका दाबात कागदावर! प्रत्येक वेळी शाई नव्याने लावायची म्हटल्यावर दोन प्रिंट्स हुबेहूब येणं अवघडच.

चित्रकार एफ. एन. सूझाने बरोबर उलटं केलं. छापील मॅगझिनचं पान घ्यायचं, केमिकलने त्याची शाई विरघळवायची आणि त्यावर चित्र काढायचं, म्हणजे पान हजारोंनी छापलेलं पण चित्र एकमेव. माझ्या बजेटबाहेर आहे, पण समोर आलं की मी हलत नाही.

एक वाईट बातमी पण आहे. एका फ्रेमवाल्याने माझ्या जुन्या लिनोकटचा खालचा मार्जिन फ्रेममध्ये बसावा म्हणून कापला, पेन्सिलने लिहिलेला नंबर आणि सही दोन्ही गेलं, मागे सेलोटेप लावला तो वेगळाच. दोन दिवस जेवण गेलं नाही. आता माउंट ॲसिड-फ्री, मागून जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, आणि देताना कागदावर लिहून देतो की कात्री लावायची नाही.

ताईंनी पुढच्या महिन्यात ती प्लेट बघायला बोलावलंय. तीस पूर्ण झाल्यावर त्यांनी तिच्यावर आडवी रेघ ओढून ती रद्द केलीये. फोटो काढू दिला तर टाकतो.