बारा वर्षं काही झालं नव्हतं

भाचीची हळद पाच दिवसांवर आली होती आणि आरशातला चेहरा मला ओळखू येत नव्हता. उजवा कान फुगून बाहेर आलेला, पापण्या इतक्या सुजलेल्या की डाव्या डोळ्याची नुसती फट उरलेली, आणि केस जिथे सुरू होतात त्या रेषेवरून चिकट पाणी पाझरतंय. आदल्या दिवसापासून डोकं खाजत होतं, ते मी उन्हावर ढकललं होतं. साताऱ्यातला मे महिना, त्यात लग्नाची धावपळ. घामोळं असेल म्हणून वरून खोबरेल थापलं आणि झोपले.

केलं होतं एवढंच, की दोन दिवसांपूर्वी केसांना काळी मेंदी लावली होती. वाण्याच्या दुकानात दारावर माळेसारख्या लटकतात त्यातली एक पुडी. बारा वर्षं तीच पुडी, तोच प्लास्टिकचा वाडगा, तोच जुना टूथब्रश. दर पाच-सहा आठवड्यांनी रविवारी अर्ध्या तासात काम उरकायचं. त्यामुळे त्वचेच्या डॉक्टरबाईंनी "केसांना काय लावलंत?" असं विचारलं तेव्हा मी ठामपणे सांगितलं, "नवीन काहीच नाही, नेहमीचीच मेंदी."

"कुठल्या रंगाची?"

"काळी."

"मेंदी काळी असते का हो?" त्या म्हणाल्या आणि माझी रिकामी पुडी मागवून घेतली. नवऱ्याने ती कचऱ्याच्या डब्यातून शोधून आणली. मागच्या बाजूला, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत, पॅरा-फेनिलीनडायअमीन. डॉक्टरांच्या भाषेत पीपीडी. बाजारातल्या बहुतेक पक्क्या काळ्या-तपकिरी रंगांचा गाभा हाच. मेंदीच्या पानातलं रंगद्रव्य केसाला चिकटलं की नारिंगी-तांबडंच होतं. पुडीतून अर्ध्या तासात काळेभोर केस निघाले तर ते काम मेंदीचं नव्हे, नाव तेवढं मेंदीचं.

"पण बारा वर्षं काही झालं नाही," हे मी त्या दिवशी बहुधा चार वेळा म्हटलं असेल. त्यांनी शांतपणे सांगितलं की ही ॲलर्जी अशीच असते. शरीर आधी त्या पदार्थाची ओळख करून घेतं. ती ओळख कुणाची दुसऱ्या वेळी पटते, कुणाची पंधराव्या वर्षी. एकदा पटली की मग जन्मभराची, आणि पुढचा दणका मागच्याहून मोठा असू शकतो. त्यातून ती लगेच उठत नाही, एक ते तीन दिवसांनी उठते. म्हणून माणूस उन्हाला, आंब्याला, नव्या उशीच्या अभ्र्याला दोष देत बसतो. श्वास लागला किंवा जीभ-घसा सुजला तर मात्र घरी थांबायचं नाही, थेट इस्पितळ, हेही त्यांनी बजावलं.

स्टेरॉइडच्या गोळ्या, खाज कमी करायचं औषध, लावायला मलम. हळदीपर्यंत डोळे उघडले, पण चेहऱ्यावर पावडरसुद्धा लावायची नाही असा हुकूम होता. लग्नाच्या अल्बममध्ये सगळ्या बायका चकाकतायत आणि मी पैठणीत, बिनमेकअपची, पांढरा भांग आणि लाल कपाळ घेऊन उभी आहे. वहिनी म्हणाली, "वन्सं, किती साध्या राहता तुम्ही!" मी मान डोलावली.

गोळ्या चालू असताना ॲलर्जीची तपासणी खोटी येऊ शकते, म्हणून ती जुलैत केली. पाठीवर छोट्या छोट्या वाट्या चिकटवतात, प्रत्येकीत एकेका पदार्थाचा ठिपका. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. हे उन्हाळ्यात का केलं नाही ते तेव्हा कळलं. अठ्ठेचाळीस तासांनी पट्ट्या काढून बघितलं, पुन्हा दोन दिवसांनी बघितलं. पीपीडीच्या जागी रुपयाएवढं लाल, उंचावलेलं, बारीक फोडांचं वर्तुळ. बाकी पाठ स्वच्छ.

डॉक्टरबाईंनी एका चिठ्ठीवर त्याचं नाव लिहून दिलं आणि ती पर्समध्ये ठेवायला सांगितली. दाताच्या डॉक्टरांनासुद्धा दाखवायची, कारण बधिर करायच्या काही औषधांशी याचं नातं असतं. आणि "अमोनिया नाही" असं लिहिलेला रंग घेऊन सुटका होत नाही. मी नेमकी तेच विचारणार होते. अमोनिया वेगळा, पीपीडी वेगळं. अमोनिया काढला तरी दुसरं आत असू शकतं.

घरी येऊन मी त्या पुडीतली सूचना पहिल्यांदा पूर्ण वाचली. कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावा, वाळू द्या, चोवीस तासांनी धुऊन बघा, आणि हे प्रत्येक वेळी करा. प्रत्येक वेळी! आपल्याकडे केसांच्या रंगावर असा इशारा छापणं कायद्यानेच सक्तीचं आहे. भुवया आणि पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं, हेही त्यातच. आणि आमच्या नाक्यावरच्या पार्लरमध्ये "ताई, भुवयांचे दोन पांढरे पण काळे करून देऊ का?" असं सर्रास विचारतात. मी दोनदा हो म्हटलं होतं. त्या दोन वेळा आठवल्या की अजून पोटात गोळा येतो.

आता प्रश्न उरला केसांचा. पांढरे ठेवायला माझी तात्त्विक हरकत काही नाही, पण मनापासून आवडत नव्हते. म्हणून खऱ्या मेंदीकडे वळले. साधी सोजतची मेंदी आणि निळीची पूड, म्हणजे नीळ नावाच्या झाडाच्या पानांची. कपड्यांची नीळ नव्हे. (माझ्या जाऊबाईंनी फोनवर खरंच विचारलं होतं.) दोन्ही पाकिटांवर घटक एकच, त्या पानाचं नाव. "नैसर्गिक" असं मोठ्या अक्षरांत आणि खाली घटकांची यादीच नाही, असं पाकीट मी परत ठेवलं.

थेट डोक्यावर प्रयोग करायची हिंमत नव्हती. आठवडाभर फणीला आलेली गुंतवळ साठवली, त्यातले पांढरे केस निवडून दोऱ्याने छोट्या जुड्या बांधल्या. लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात मेंदी रात्रभर भिजवली. एक जुडी तीन तास त्यात ठेवली, धुतली, तर झेंडूच्या पाकळीसारखी निघाली. मग नीळ. ती कोमट पाण्यात कालवायची, चिमूटभर मीठ घालायचं, दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवायची. तिच्यात चहा, लिंबू, दही काही घालायचं नाही, आणि मेंदीसारखी भिजवून ठेवायचीही नाही, कारण तिचा जोर लवकर उतरतो. हिरवट लगदा वरून निळसर दिसायला लागला, कच्च्या मटारसारखा वास सुटला, की लावायची. तासाभराने जुडी धुतली आणि माझा धीर सुटला. हिरवी! शेवाळासारखी हिरवी. वैतागून खिडकीच्या कट्ट्यावर टाकून दिली. दोन दिवसांनी केर काढताना बघितलं तर गडद तपकिरी. निळीचा रंग हवा लागून हळूहळू चढतो, हे माझ्या कट्ट्यानेच मला शिकवलं.

त्यानंतर दोन्ही लगदे कानामागे लावून दोन दिवस वाट पाहिली. पान असलं म्हणून कुणालाच काही होत नाही असं नसतं. मग एका शनिवारी संध्याकाळी, पुढे दोन दिवस सुट्टी बघून, डोक्याला लावलं. केसांच्या कडेने आणि कानांवर खोबरेल, हातात मोजे, अंगात जुना गाऊन. मेंदी तीन तास, धुणं, नीळ दीड तास, परत धुणं. शॅम्पू दोन दिवस नाही. पुडीच्या अर्ध्या तासापुढे हा सगळा खटाटोप हास्यास्पद वाटतो, हे मान्य. मोरीतल्या फरशीच्या सांध्यांत अजून निळं आहे. मंगळवारी शाळेत गेले तर सातवीतली एक पोरगी म्हणाली, "बाई, उन्हात तुमचे केस लाल दिसतात, छान दिसतात." काळेभोर ते होत नाहीतच. उन्हात तांबूस, घरात गडद. अंबाडा घालून अबोलीचा गजरा माळला की मात्र फार खुलतात.

मेकअपलाही मग तीच शिस्त लागली. नवीन फाउंडेशन किंवा क्रीम आणलं की कोपराच्या आतल्या घडीत दिवसातून दोनदा, सलग सात दिवस. अंगावर राहणाऱ्या वस्तूंसाठीच हे, केसांच्या रंगासाठी नाही. रंग जुळतो का ते जबड्याच्या कडेला लावून खिडकीपाशी बघायचं. दुकानातला पिवळा दिवा सगळ्यांना गोरं करतो. मस्कारा तीन महिन्यांनी टाकून द्यायचा, जीव कितीही अडकला तरी. भुवयांना पेन्सिल. दिवाळीत भाची नवऱ्यासोबत आली तेव्हा काजळ, वाइन रंगाची लिपस्टिक, गालांवर जरासा ब्लश एवढंच केलं होतं. तिने आधी माझाच फोटो काढला.

त्याच दिवाळीत आईच्या कपाळाकडे नीट लक्ष गेलं. भुवयांच्या मधोमध, टिकलीच्याच आकाराचा पांढुरका डाग. ती म्हणे, वयाने झालाय. मी तिला डॉक्टरबाईंकडे नेलं. चिकट टिकलीच्या गोंदातलं एक रसायन काही जणींच्या कातडीचा रंगच काढून टाकतं, त्या म्हणाल्या, टिकली बंद करा. आई आता ओलं गंध लावते, तेही आधी हातावर लावून बघितलेलं. पण केसांसाठी तिच्या कपाटात तीच काळी पुडी. "मला वीस वर्षं काही झालं नाही," ती म्हणाली.

मी काहीच बोलले नाही. तिच्या फणीतली गुंतवळ काढून घेतली. तिची पांढरी जुडी आत्ता कढईत मेंदीत आहे, आणि ती दर तासाला स्वयंपाकघरात येऊन झाकण उचलते.

"हिरवे नाही ना होणार गं?"

"पहिल्या दिवशी होतील."