प्याल्याचं कापड

दर सोमवारी सकाळी मी देवळातली कापडं धुते. वेदीवर अंथरायचं मोठं कापड, आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटण्याच्या विधीच्या, वेळी पाळकसाहेब प्याल्याची कड पुसतात ती लहान कापडं, मधोमध लाल दोऱ्याने क्रूस भरलेली. मशीनमध्ये टाकायची नाहीत. आधी नुसत्या गार पाण्यात खळबळायची आणि ते पहिलं पाणी मोरीत न ओतता मातीत ओतायचं. द्राक्षारस म्हणजे प्रभूचं रक्त, त्याचा थेंब गटारात जाऊ नये म्हणून. हे मला आईने शिकवलं, तिला पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या वाँटेज सिस्टरनी, म्हणजे वाँटेज या इंग्लिश संघाच्या जोगिणींनी. आमच्याकडे ते पाणी मोगऱ्याच्या कुंडीला जातं.

२०२०पर्यंत त्या लहान कापडावरून मला रविवारची हजेरी सांगता यायची. लिपस्टिकचा मरून डाग म्हणजे बँकेतली आमची मैत्रीण. तपकिरी फराटा म्हणजे मिसरी लावणाऱ्या एक आजी, ज्यांना कोणी बोलायची छाती नव्हती. एकदा तर हळदीचा डाग होता, तो कुणाचा ते अजून कळलेलं नाही. वेदीसमोरच्या कठड्याशी ओळीने गुडघे टेकायचे, प्याला ओठांना लागायचा, पाळकसाहेब कड पुसून प्याला थोडा फिरवायचे आणि पुढच्याला द्यायचे.

कोविडमध्ये प्याला बंद झाला, तो व्हायलाच हवा होता. आमचं चर्च मुळात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं; त्या चर्चनेही मार्च २०२० मध्ये तो थांबवला. त्यासाठी आधार कशाचा, तर राजा सहाव्या एडवर्डच्या काळातल्या १५४७च्या कायद्याचा. भाकर आणि द्राक्षारस दोन्ही सगळ्यांना द्या, गरजच पडली तर सूट, असं त्यात आहे. म्हणजे सूट ही अडचणीपुरती. आमच्याकडे अडचण संपली आणि सूट राहिली. आता पाळकसाहेब भाकरीचा तुकडा प्याल्यात बुडवून हातावर ठेवतात. पुसायला काही उरत नाही, कापड घडीही न मोडता परत येतं.

देवळाचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीत मी विषय काढला. ‘प्या’ असं प्रभू म्हणाला, ‘बुडवा’ म्हणाला नाही. योहानाच्या शुभवर्तमानात त्या रात्री बुडवून घास दिलेला सापडतो तो एकट्या यहूदाला, प्रभूचा घात करणाऱ्याला. यावर हशा झाला, पण मत काही फिरलं नाही. ‘ताई, हायजीन बघायला नको का?’ ठीक आहे, तेही खरं. मग एक जण सहज म्हणाले, ‘आणि हल्ली कोण कुठून येतं, काय माहीत.’ त्यावर कोणी काही बोललं नाही. मीही नाही, आणि ते मला टोचतंय.

पुण्यात राहून हे वाक्य ऐकायचं म्हणजे कमाल आहे. ४ ऑक्टोबर १८९०ला पंचहौद मिशनात चहा दिला गेला. टिळक, रानडे असे बडे लोक हजर होते. नंतर ख्रिस्त्यांच्या हातच्या त्या चहावरून ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, झालं, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, काहींना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कपाचं एवढं! आणि त्याच मिशनच्या काउली फादरांच्या, म्हणजे एका अँग्लिकन संघाच्या पाळकांच्या, सोबतीने नीळकंठशास्त्री गोऱ्हे राहिलेले. चित्पावन, काशीत शास्त्र शिकलेला माणूस, १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे पाळक झाला. प्याला एकच असला की आधी कोणाचे ओठ लागले हे विचारायची सोय राहत नाही. शास्त्रीबुवांनाही नाही.

घरी येऊन हे सगळं सासूबाईंना तावातावाने सांगितलं. त्या नगरच्या, अमेरिकन मराठी मिशनच्या घरातल्या. नगरमध्ये ते मिशन १८३१ पासूनचं, काँग्रिगेशनल पद्धतीचं, म्हणजे बिशप नाही, प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण बघते. तिथे कठडा नाही, गुडघे टेकणं नाही. भोकाभोकांच्या ट्रेमध्ये बोटभर काचेचे पेले, त्यांत घरी उकळलेला काळ्या द्राक्षांचा रस. ट्रे बाकांवरून फिरतो, ज्याने त्याने पेला धरून ठेवायचा आणि पाळकांनी सांगितलं की सगळ्यांनी मिळून प्यायचं.

त्या भाजी निवडत म्हणाल्या, ‘तुमच्यात एकच प्याला, पण रांग असते. पहिला कोण, शेवटचा कोण ते दिसतं. कोण पुढच्या बाकावरून उठतं तेही दिसतं. आमच्यात सगळे एकाच क्षणी पितात.’

मला यावर उत्तर सुचलं नाही. गुडघ्यांवरून मात्र मी त्यांना १५५२ची गोष्ट सांगितली. इंग्लंडच्या चर्चचं प्रार्थना पुस्तक छापायला गेलेलं असताना ऐन वेळी त्यात टीप घालावी लागली, की गुडघे टेकणं म्हणजे भाकरीची पूजा नव्हे. ‘मग? तेव्हाही माझ्यासारखं कोणीतरी विचारलंच असणार,’ म्हणाल्या. विचारलं होतं, चांगलं भांडून.

२९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरात सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात आमचं अँग्लिकनही आलं आणि त्यांचंही. सासरे त्या दिवशी तिथे गेले होते. बाळांचा बाप्तिस्मा की मोठ्यांचा, हा केवढा वाद, तर दोन्ही चालतील असं ठरवून मोकळे झाले. बिशपही सगळ्यांनी पत्करले. पण माझ्या लग्नात प्याला ठेवायचा की पेले, यावर दोन्ही घरांत तीन आठवडे अबोला होता. शेवटी प्रभुभोजनच ठेवलं नाही. मला वाटतं, असा तोडगा फक्त आपल्याकडेच निघू शकतो.

परवा सोमवारी सासूबाई मोरीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून देवळात भाकर त्यांच्या बाकापाशीच येते. मी कापड पाण्यात टाकलं.

‘डाग तर एकही नाही. धुतेस कशाला?’

‘वेदीवर होतं ना.’

त्या थोडा वेळ बघत राहिल्या. मग उठल्या, काठी दाराला टेकवली आणि हात पुढे केला. ‘आण ते भांडं इकडे. मोगऱ्यालाच घालायचं ना? साबण नाही ना घातलास?’