किती मिनिटांनी?

मंगळवार, रात्री उशिरा

बफरसाहेबांचा (आमच्या जहाजावरच्या डेकच्या खलाशांचे मुकादम) फोन आल्यापासून मन थाऱ्यावर नाही. नौदल दिनाला सगळे जमले होते, तेव्हा विषय निघाला होता एवढाच, की ७१ च्या युद्धात मुंबई बंदरात रात्री स्केअर चार्ज, म्हणजे पाण्यात फोडायची छोटी स्फोटकं, किती मिनिटांनी टाकायचे. बफरसाहेब म्हणाले, पंधरा. सिग्नलवाला म्हणाला, छे, अर्धा अर्धा तास सामसूम असायची. इंजिनरूमवाला शपथेवर सांगत होता, दर दोन-तीन मिनिटांनी. तिथे हसण्यावारी गेलं. आणि आज साहेब फोनवर म्हणतात, "माझं काही धरू नका रे. माझं डोकं आता चालत नाही."

हे ऐकवत नाही. तसंही आपल्याला कोण विचारतं? निपात, निर्घात, वीर या क्षेपणास्त्र बोटींची नावं शाळेतल्या पोरांनाही ठाऊक. त्यांचा ४ डिसेंबरचा कराचीवरचा हल्ला सगळ्यांना पाठ. युद्धात बुडालेल्या खुकरी जहाजापुढे तर तोंड उघडू नये, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक... जाऊ दे. आपल्या वाट्याला बंदराचा धक्का, गाळ आणि पहारा. त्या रात्रींत काही घडलं नाही, घडू नये म्हणूनच तर माणसं उभी होती. आता उरलेली एवढीशी आठवणही तिघांची तीन तऱ्हांची निघावी?

झोप येईना म्हणून कागद घेऊन बसलो.

स्केअर चार्ज कशासाठी, तर पाण्याखालून येणाऱ्या पाणबुड्या माणसासाठी. तो येतो, जहाजाच्या बुडाला चुंबकाने चिकटणारा लिंपेट सुरुंग लावतो आणि निघून जातो. ही भीती हवेतली नव्हती. त्याच वर्षी १५ ऑगस्टच्या रात्री बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीच्या पाणबुड्या माणसांनी चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज इथे नेमकं हेच केलं होतं, आणि त्यांना शिकवलं होतं आपल्याच नौदलाने. जे आपण दुसऱ्याच्या बंदरात करवून घेतलं, ते आपल्याकडे होऊ शकतं हे आपल्याइतकं कोणाला कळणार?

म्हणून ऑपरेशन ऑकवर्ड, म्हणजे पाण्याखालून येणाऱ्या माणसाविरुद्धचा पहारा. डेकवर पहारेकरी, जहाजाभोवती बोटीची फेरी, मधूनच जहाज ढकलणारा पाण्यातला पंखा फिरवायचा, सोनार (आवाजाने पाण्याखालचं शोधणारं यंत्र) चालू करायचा, आणि हे चार्ज. वात पेटवून जहाजापासून लांब फेकायचा. तो थोडा खोल जाऊनच फुटायला हवा. पृष्ठभागावर फुटला तर जोर हवेत निघून जातो, गाळात रुतला तर दबतो. फेकायचा पाण्याच्या ओढीच्या खालच्या अंगाला, नाहीतर ओढ त्याला आपल्याच बुडाखाली आणून सोडते. पाणी फारसं दाबलं जात नाही, त्यामुळे धक्का दूरवर पोचतो आणि माणसाच्या शरीरात जिथे हवा असते, कान, फुप्फुस, आतडी, तिथे इजा करतो. आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे ठरावीक वेळ नाही. अंतर सारखं ठेवलं तर पाण्यातला माणूस मोजेल, एक झाला की दुसरा येईपर्यंत काम उरकेल.

मग बफरसाहेबांचे पंधरा चूक कसे? आणि बरोबर तरी कसे?

पुढचं तिथीवर येतं, कारण भरती-ओहोटी तिथीने ठरते. २ डिसेंबरला मार्गशीर्ष पौर्णिमा झाली होती. म्हणजे युद्धाच्या पहिल्या रात्री ब्लॅकआउट असूनही बंदर चांदण्यात उघडं, आणि पाण्याला उधाणाची ओढ. माणूस पोहून पोहून तासाला एक-दीड मैल जाणार, उधाणाची धार त्याहून जोरात. अशा धारेत त्याला वेळ सापडते ती भरती-ओहोटी पालटताना पाणी उभं राहतं तेवढीच. ९ तारखेला वद्य अष्टमी. भांगाचं पाणी, ओढ मंद, चंद्र मध्यरात्रीकडे उगवणार. कोकणातल्या हिशेबाने तिथीची पाऊणपट केली तर भरती साधारण सहाला आणि ओहोटी बाराच्या सुमारास. म्हणजे संध्याकाळी काळोख पडताना पाणी उभं, आणि बाराला पुन्हा उभं. त्या वेळांना चार्ज पाठोपाठ जाणार. मधल्या धारेला विरळ.

तर मग आठ ते बाराच्या पाळीत दहा वाजताचं आठवणारा माणूस अर्धा तास सांगणार, आणि बाराच्या पाळीवर चढलेला पाच मिनिटं सांगणार. संध्याकाळचे चार तास मोडून दोन-दोन तासांच्या दोन पाळ्या, डॉगवॉच, केलेल्याच यासाठी, की रोज पाळी सरकावी आणि एकाच माणसावर मध्यरात्र येऊ नये. सिग्नलवाल्याला एक रात्र लक्षात राहिली, साहेबांना दुसरी.

इंजिनरूमवाल्याचं आणखी वेगळं. आवाज पाण्यात सेकंदाला दीड किलोमीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त. वॉटरलाइनखाली बसलेल्याला शेजारच्या जहाजांनी टाकलेलेही पत्र्यावर हातोडा मारल्यासारखे ऐकू येतात, आणि कोणाचा कुठला ते कळत नाही. त्याने सगळ्या बंदराचे मोजले. डेकवरच्याने फक्त स्वतःचे.

हे लिहिताना छातीवरचं ओझं बरंच उतरलं. तिघांचे आकडे जुळले असते तर मात्र काळजीची गोष्ट होती, पहारा घड्याळावर चालला होता असा त्याचा अर्थ झाला असता.

एक मात्र सुटत नाही. आपले डायव्हर खाली असताना आसपास कोणीही चार्ज टाकायचा नाही. पंखे बंद, कंट्रोलवर पाटी, शेजारच्या जहाजांना निरोप. त्या गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही, सगळं चाचपून. सुकाणू, पंखा, बिल्ज कील (बुडाच्या कडेच्या पट्ट्या), पाणी आत घेणारी तोंडं. दोरीला धरून रांगेने कीलपासून, म्हणजे बुडाच्या कण्यापासून, वर. एवढा वेळ शांतता राहायची म्हणजे राहायचीच. सिग्नलवाल्याची "सामसूम" ती तर नव्हे? त्या शांततेची आठवण साहेबांना नाही, की सांगायची नाही?

साहेबांना आकडा विचारायचाच नाही आता. विचारायचं ते हे. पाळी कुठली, भरती की सुकती, जहाज बोयावर (पाण्यातल्या तरंगत्या पिंपाला बांधलेलं) होतं की धक्क्याला. बोयावर असेल तर ते पाण्याबरोबर फिरतं आणि दोन्ही बाजू राखाव्या लागतात. धक्क्याला असेल तर बाहेरची बाजू बोटीने राखता येते, पण आतली, खांबांमधली, जिथे बोट शिरत नाही, तिथे कोण उभा होता?