तुम्ही विचारलंत म्हणून: सुट्या टाचेची बाइंडिंग पायाला कशी लागतात

"टाच सुटीच असते ना, मग या बाइंडिंगमध्ये आणि त्या बाइंडिंगमध्ये फरक तो काय?" गुलमर्गला जाऊन आलेले, जायच्या बेतात असलेले आणि धरमपेठेत आमच्याकडे नुसतेच चहाला आलेले, सगळे हे विचारतात. (बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड.) शेवटच्या मंडळींचा खरा प्रश्न 'नागपुरात राहून हे कशाला?' असा असतो, पण तो सहसा कोणी तोंडावर विचारत नाही. नोकरीनिमित्त काही वर्षं सॉल्ट लेक सिटीला होतो, तिथं टेलीमार्कचा, म्हणजे टाच मोकळी ठेवून बर्फावर स्की करण्याचा, नाद लागला, परतताना स्की बरोबर आल्या. त्याला एवढं उत्तर पुरे.

पहिल्याचं उत्तर मोठं आहे. टेलीमार्कमध्ये वळताना एक स्की पुढे सरकते, दुसरी मागे राहते, मागचा गुडघा खाली येतो आणि टाच उचलली जाते. सगळं वजन पुढच्या पायावर टाकून मोकळं व्हावंसं वाटतं, पण जवळपास निम्मं वजन मागच्या पायाच्या चवड्यावर ठेवावं लागतं, नाहीतर मागची स्की भरकटते. बाइंडिंगमधला फरक कळतो तो या मागच्या चवड्याला. पुढच्या पायाला विचाराल तर त्याला सगळी सारखीच.

नॉर्वेच्या टेलेमार्क भागातल्या सोंद्रे नोरहाइमनं पिळलेल्या कोवळ्या फांद्यांचा फास टाचेमागून घेऊन बूट स्कीला बांधला आणि १८६८ मध्ये ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत, असल्या स्कींवरून वळून दाखवलं. १९२७ मध्ये ब्रोर वितनं टाचेमागचं सगळं काढूनच टाकलं. त्याच्या रोटेफेला बाइंडिंगमध्ये बुटाचं पुढचं चपटं टोक धातूच्या पट्टीखाली दाबलं जातं, आणि खालून आलेल्या तीन पिना तळव्याच्या तीन भोकांत बसतात. बुटाच्या टोकाची रुंदी ७५ मिलिमीटर, म्हणून या घराण्याला अजून 'पंच्याहत्तर'च म्हणतात.

नुसत्या पिनांवर उभं राहिलं की टाचेला कोणीच धरलेलं नसतं. तळवा चवड्यापाशी वाकतो, टाच हवी तेवढी वर येते, आणि स्की तिरकी करून तिच्या कडेवर घालायला गेलं की बूट स्कीवर किंचित पिळला गेल्याचं जाणवतं. सपाट रानातून चालायला याच्यासारखं सुख नाही. उतारावर मात्र मागची स्की दाबायचं काम सर्वस्वी तुमचं, आणि जराही आळस केलात की ती लगेच चुगली करते.

नागपुरात हे दाखवायला बर्फ कुठून आणणार? मी सुताराकडून सागवानाच्या फळ्या तासून घेतल्या आणि त्यांच्यावर निरनिराळी बाइंडिंग स्क्रूनं बसवली. फळ्या बघून सुतार म्हणाला, "भाऊ, खडावा बनवून राहिले का?" तेव्हापासून आमच्या घरात त्या खडावाच. गच्चीवर बूट चढवून गुडघा वाकवला की बाइंडिंगचा निम्मा स्वभाव तिथल्या तिथं कळतो. उरलेला निम्मा बर्फाशिवाय कळत नाही, कारण लाकूड तुम्हाला उलट ढकलत नाही.

या फळ्यांवर सगळ्यात जास्त वेळ जातो तो केबलच्या बाइंडिंगवर. केबल पुढून निघते, टाचेमागच्या खाचेत अडकते आणि वाटेत स्प्रिंग असतात. टाच उचलली की केबल ताणली जाते, स्प्रिंग दबते, टाच खाली ओढली जाते आणि ती ओढ चवड्यावर दाब होऊन उतरते. ही ओढ कधी सुरू होणार, हे केबल कुठल्या बिंदूभोवती फिरते त्यावर ठरतं. तो बिंदू पिनांच्या ओळीजवळ असेल तर टाच बरीच वर येईपर्यंत काही लागत नाही. याला न्यूट्रल म्हणतात. बिंदू मागे, चवड्याच्या दिशेनं सरकवला की टाच हलल्याबरोबर ओढ लागते, हे अ‍ॅक्टिव्ह. हॅमरहेड नावाच्या बाइंडिंगमध्ये तर केबलसाठी पाच जागा होत्या. पहिलीवर शांत, पाचवीवर हट्टी. त्याच घरचं पुढचं अ‍ॅक्सल माझ्या एका फळीवर आहे. पुतण्यानं ते सगळ्यात मागच्या जागेवर लावून गुडघा टेकवला आणि ओरडला, "काका, हे तर टाच ओढून राहिलं!" अ‍ॅक्टिव्ह म्हणजे काय, हे मला यापेक्षा चांगलं सांगता येत नाही.

लोक मग विचारतात, यातलं चांगलं कुठलं? अ‍ॅक्टिव्ह बाइंडिंग मागची स्की तुमच्यासाठी दाबून ठेवतं. घट्ट, खडबडीत बर्फावर हा मोठा आधार आहे. पण खोल भुसभुशीत बर्फात तोच दाब स्कीचं टोक खाली घालू पाहतो, आणि तुम्ही खरंच मागच्या पायावर उभे आहात की स्प्रिंगच्या जिवावर, हे कळेनासं होतं. पूर्ण न्यूट्रलवर शिकावं असं सांगणारे जुने लोक मला भेटलेत. त्यांचं तत्त्व मान्य, पण आठवडाभराची रजा काढून गुलमर्गला निघालेल्या नागपूरकराला मी ते सांगणार नाही. त्यानं मधली जागा धरावी.

२००७ मध्ये रोटेफेला कंपनीनंच एनटीएन (न्यू टेलीमार्क नॉर्म) आणलं आणि पंच्याहत्तरचं चपटं टोक गेलं. इथं टाचेमागून काही येत नाही. तळव्याच्या मध्यावर, कमानीखाली एक कंगोरा असतो, त्याला बाइंडिंग पकडतं. पायाला पहिल्यांदा जाणवतो तो डाव्या-उजव्या बाजूंचा ताठपणा. स्की कडेवर घातली की ती लगेच जाते, पिळवट नाही. ओढही लवकर लागते, पण टाचेला नाही, थेट चवड्याखाली. टाच बंद असलेल्या अल्पाइन स्कीवरून आलेल्यांना हे घरचं वाटतं. पंच्याहत्तरवर वाढलेले म्हणतात की पायाखालचा बर्फ कळत नाही. माझं मत विचाराल तर कळतो, जरा उशिरा. कडक बर्फावर मी दर वेळी एनटीएनच घेईन.

चढण्याचं गणित निराळं. टूर मोड, म्हणजे चढताना स्प्रिंगची ओढ सोडवायची सोय, नसलेल्या केबलवर चढताना प्रत्येक पाऊल स्प्रिंगशी भांडून टाकावं लागतं आणि संध्याकाळी पोटऱ्या त्याचा हिशेब मागतात. मेइद्जो किंवा टीटीएस (टेलीमार्क टेक सिस्टिम) या बाइंडिंगमध्ये बूट टोकाशी दोन बाजूंच्या दोन पिनांवर फिरतो, म्हणून चढताना पाय जवळजवळ फुकट उचलला जातो. उतरताना मेइद्जो कमानीखालून धरतं, टीटीएस केबलनं टाचेमागून. ज्यांना गोंडोल्यातून, म्हणजे रोपवेनंच वर जायचं आहे, त्यांनी यावर पैसे घालू नयेत.

आता जे कोणीच विचारत नाही ते. बाइंडिंगइतकाच बूट बोलतो. चवड्यावरच्या चुण्या मऊ पडलेला जुना बूट अ‍ॅक्टिव्ह बाइंडिंगलाही शांत करतो. नवा कडक बूट न्यूट्रललाही आडमुठं बनवतो. वजनाचंही तसंच, माझ्या स्प्रिंगा माझ्या बायकोला फारच कडक लागतात. म्हणून कोणी 'अमुक बाइंडिंग फार ओढतं' म्हणालं की त्याचा बूट आणि वजन आधी विचारून घ्या.

आणि पंच्याहत्तरचा बूट एनटीएनमध्ये बसत नाही, एनटीएनचा पंच्याहत्तरमध्ये नाही. गुलमर्गला भाड्यानं मिळतात ते बहुतेक अल्पाइनचे संच, तेव्हा टेलीमार्कचं सामान तुम्हाला जुनं-पुरानं का होईना, स्वतःच जमवावं लागणार. आधी पायाला बसणारा बूट शोधा, तो कुठल्या घराण्याचा आहे बघा, आणि मगच मला बाइंडिंगचं विचारा.