हायस्कूल फुटबॉलमध्ये शॉटगन स्प्रेड बसवताना: माझा अनुभव

ओहायोतल्या एका सरकारी हायस्कूलच्या फुटबॉल संघात मी आक्रमणाच्या बाजूचा सहायक कोच आहे. फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकन. आमचा संघ वर्षानुवर्षं दाटीवाटीची रचना खेळत आला होता: क्वार्टरबॅक (खेळी चालवणारा, पास टाकणारा) सेंटरला (मधोमध बसून चेंडू मागे देणारा) चिकटून, मागे दोन बॅक (चेंडू घेऊन धावणारे), टोकाला टाइट एंड (अडवणारा आणि पासही घेणारा). तो शॉटगन स्प्रेडवर न्यायचं ठरलं, तेव्हा काय काय करावं लागलं, कुठे घोडं अडतं आणि का अडतं, ते इथे लिहितो. ज्यांना हा खेळ शुक्रवारी रात्री स्टँडमध्ये बसून बघण्यापुरताच माहीत आहे, त्यांनाही समजेल असं लिहायचा प्रयत्न आहे.

शॉटगन म्हणजे क्वार्टरबॅक सेंटरच्या मागे साधारण 5 यार्डांवर उभा राहतो आणि चेंडू त्याच्याकडे हवेतून येतो. स्प्रेड म्हणजे चार (कधी पाच) रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, मैदानाच्या रुंदीभर पसरवायचे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शॉटगन 1960 मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सच्या रेड हिकी यांनी व्यावसायिक सामन्यांत वापरली होती. पसरायची कल्पना मात्र मोठ्या प्रमाणावर हायस्कूलमधूनच वर गेली. आमच्याच राज्यात, मिडलटाउन हायस्कूलमध्ये टायगर एलिसन यांनी 1958 मध्ये, हंगाम हातातून निसटत असताना, लाइनमन (पुढच्या रांगेत अडवणारे) एकीकडे आणि सेंटर-क्वार्टरबॅक भलतीकडे असं काहीतरी विक्षिप्त मांडलं. त्यातूनच पुढे ‘रन अँड शूट’ ही पासवर चालणारी पद्धत निघाली. गंमत म्हणजे हेच एलिसन नंतर ओहायो स्टेटमध्ये वुडी हेज यांच्या हाताखाली गेले, जिथे पास टाकणं जवळजवळ अधर्म समजला जाई. ऑरेगनच्या हिल्सबरो हायस्कूलमध्ये माउस डेव्हिस, टेक्ससच्या कॉपरस कोव्हमध्ये हॅल ममी, आर्कान्सामध्ये गस मालझान, हे सगळे हायस्कूल कोच होते आणि आपापली पद्धत घेऊन कॉलेजात गेले. उलट दिशेने एकच मोठी गोष्ट खाली आली: ‘झोन रीड’ (कसं चालतं ते पुढे येतंच). ती रिच रॉड्रिग्ज यांनी वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजात घडवली. 2000 मध्ये कॉलेज सामन्यात स्प्रेड खेळणाऱ्या नॉर्थवेस्टर्नने मिशिगनला 54-51 असं हरवल्यावर मात्र कोणालाही पटवून द्यावं लागलं नाही. टेक्ससमधल्या साउथलेक कॅरल हायस्कूलने टॉड डॉज यांच्या हाताखाली 2002 ते 2006 या पाच हंगामांत 79 सामने जिंकले आणि एकच गमावला, तोही एका गुणाने.

आमचं कारण इतकं भव्य नव्हतं. सरकारी शाळेला गावात जी मुलं असतील तीच मिळतात. 200 पौंडांचे लाइनमन 260 पौंडांच्या समोरच्यांना दर वेळी ढकलू शकत नाहीत. पण समोरच्यांपैकी काही जणांना तिथून हलवता आलं, तर ढकलायची वेळच कमी येते.

हे हलवणं म्हणजे शुद्ध मोजणी. एका टॅकलपासून (लाइनच्या टोकाचा लाइनमन) दुसऱ्या टॅकलपर्यंतचा आणि सुमारे 5 यार्ड खोल असा चौकोन, त्याला बॉक्स म्हणतात. बॉक्समध्ये बचावाचे 5 दिसले, तर आमचे पाच लाइनमन पाचांना अडवतात. डोळे मिटून धावायचं. 6 दिसले तर एकाला मोकळं सोडून त्याला ‘वाचायचं’. 7 दिसले तर बाहेर चौघांवर चौघेच उरले, मागे मदतीला कोणी नाही, पास टाकायचा. ही मोजणी क्वार्टरबॅकने स्नॅपच्या (सेंटरने चेंडू मागे देण्याच्या) आधी बोट न दाखवता करायला शिकणं, हा पहिला धडा. प्ले (ठरवलेल्या खेळी) शिकवायच्या आधी आम्ही नुसती बचावाची मांडणी लावून ‘किती?’ एवढंच विचारत असू.

दुसरा धडा स्नॅपचा, आणि माझ्या मते सगळी पद्धत यावरच उभी आहे. क्वार्टरबॅक चेंडूकडे बघत बसला, तर बचावाकडे बघणार कोण? म्हणून चेंडू दर वेळी एकाच जागी, पोट आणि छातीच्या मध्ये, आला पाहिजे. सेंटर दोन तऱ्हांनी स्नॅप करतात. पहिली फिरकीची: बोटं शिवणीवर, मनगटाचा झटका, चेंडू वेगाने येतो. दुसरी ‘डेड स्नॅप’: चेंडूचं पुढचं टोक हातात धरायचं, मनगट ताठ ठेवायचं आणि अख्खा हात लंबकासारखा मागे न्यायचा. चेंडू न फिरता तरंगत येतो. थोडा हळू येतो, पण वर-खाली कमी जातो. ज्या शाळेत सेंटर दर दोन वर्षांनी बदलतो तिथे मी डोळे झाकून दुसरी निवडेन.

चुका ठरलेल्या असतात. चेंडू डोक्यावरून गेला, तर बहुतेक वेळा सेंटरची कंबर हाताच्या आधी उचलली गेलेली असते किंवा त्याने चेंडू उशिरा सोडलेला असतो. घोट्यापाशी आला तर लवकर सोडलेला असतो, आणि त्याचं कारण बहुधा त्याच्या नाकासमोर बसलेला बचावाचा गडी. त्यामुळे रिकाम्या मैदानावर शंभर स्नॅप अचूक टाकणारा सेंटर सामन्यात बिघडतो. समोर ढाल धरून कोणीतरी उभा करा, स्नॅपबरोबर त्याने अंगावर यायचं, आणि असे 50 स्नॅप रोज. राखीव सेंटरलाही तितकेच. चेंडू डोक्यावरून गेलाच, तर क्वार्टरबॅकने तो उचलून काही करामत करायची नाही, सरळ त्यावर पडायचं. 15 यार्ड गेले तर गेले, चेंडू आपल्याकडे राहतो.

स्नॅपची खूण आम्ही टाळीची ठेवली, कारण गोंगाटात आवाज पोचत नाही. बचावाचे खेळाडूही मग टाळ्या वाजवून आमच्या लाइनला फसवू बघतात. हायस्कूल नियमांत ते निषिद्ध आहे, पण सामन्याच्या आधी पंचांना आठवण करून दिली तरच त्यांचं तिकडे लक्ष जातं.

आता झोन रीड. सगळे लाइनमन एका बाजूला पाऊल टाकतात. मागे राहिलेल्या बाजूचा डिफेन्सिव्ह एंड (बचावाच्या रांगेच्या टोकाचा गडी) मुद्दाम मोकळा सोडतात. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी धरतो, पण नजर एंडच्या खांद्यांवर. खांदे आत वळले, तो बॅकच्या मागे धावला, तर चेंडू काढून घ्यायचा आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेतून पळायचं. खांदे सरळ राहिले तर चेंडू देऊन टाकायचा. शंका आली तर द्यायचा. चेंडू मागच्या पायापासून पुढच्या पायापर्यंत बॅकच्या पोटाबरोबर न्यायचा. पुढच्या पायाच्या पलीकडे निर्णय लांबला की दोघंही ओढतात आणि चेंडू खाली पडतो. बॅकने चेंडू कधीच हिसकायचा नाही, नुसता हलका दाब ठेवायचा. क्वार्टरबॅक सोडेल तेव्हाच मिठी घट्ट.

समोरचे कोच काही झोपलेले नसतात. दोन-तीन सामन्यांची फिल्म बघितली की ते अदलाबदल करतात: एंड मुद्दाम आत धावतो, क्वार्टरबॅक ‘वाचून’ चेंडू ठेवतो आणि बाहेर लाइनबॅकर (रांगेमागचा बचावाचा गडी) आधीच उभा असतो. याला ‘स्क्रेप’ म्हणतात. उपाय दोन. एक, आतल्या रिसीव्हरला त्या लाइनबॅकरवर ब्लॉकला पाठवायचं. दुसरा, त्याच रिसीव्हरला बबल स्क्रीनला, म्हणजे झटपट छोट्या पासला, बाहेर सरकवायचं. लाइनबॅकर क्वार्टरबॅककडे आला की चेंडू तिकडे. दुसरा जास्त आकर्षक दिसतो, पण इथे नियम आडवा येतो. टीव्हीवर दिसणाऱ्या कॉलेज सामन्यात पास सुटेपर्यंत लाइनमनला चेंडूच्या आडव्या रेषेपुढे 3 यार्ड जाता येतं. ओहायोत ज्या राष्ट्रीय हायस्कूल नियमांनी खेळतात त्यांत जेमतेम 2. धावायच्या प्लेसाठी जोमाने पुढे गेलेला गार्ड (सेंटरशेजारचा लाइनमन) क्वार्टरबॅकला अर्धा सेकंद उशीर झाला की दंडात सापडतो. कॉलेजचे धाव-किंवा-पास प्ले जसेच्या तसे उचलणाऱ्यांना पिवळा रुमाल भेटतो, तो यामुळे. पास रेषेच्या मागेच पकडला जाणार असेल, तर हा दंड लागत नाही. म्हणून आम्ही बबल रेषेच्या मागेच ठेवला.

हॅशबद्दल, म्हणजे मैदानावरच्या ज्या दोन खुणांच्या ओळींच्या आतच प्रत्येक प्ले सुरू होतो त्यांच्याबद्दल, कोणी फारसं लिहीत नाही, आणि खरा फरक तिथेच आहे. मैदान 160 फूट रुंद. हायस्कूलचे हॅश ते बरोबर तीन भागांत कापतात, 53 फूट 4 इंचांचा एकेक. म्हणजे चेंडू हॅशवर असताना एका बाजूला जेमतेम 18 यार्ड आणि दुसरीकडे साडेपस्तीस. एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीगमध्ये) हॅश मधोमध असल्यामुळे दोन्ही बाजू बऱ्याच सारख्या असतात. आता रुंद बाजूचा रिसीव्हर 10 यार्ड पुढे जाऊन बाहेर वळला आणि सीमारेषेपासून 3 यार्डांवर चेंडू घेतला, तर क्वार्टरबॅकच्या हातातून तो चेंडू जवळपास 36 यार्ड उडतो. मिळतात 10. सोळा वर्षांच्या मुलाच्या खांद्यातून निघालेला हा पास हवेत इतका रेंगाळतो की कॉर्नरबॅक (रिसीव्हरवर नेमलेला बचावाचा गडी) चहा पिऊन येऊन तो अडवेल. आम्ही हा रूट (रिसीव्हरचा ठरलेला मार्ग) रुंद बाजूला यादीतूनच काढला. तिकडे तीन रिसीव्हर लावायचे, त्यांना 6 यार्डांच्या आत थांबणारे किंवा आडवे पळणारे रूट द्यायचे. अरुंद बाजूला एकटा, सगळ्यात चांगला रिसीव्हर ठेवायचा. त्याच्यावर दुसरा माणूस लावायचा तर बचावाला रुंद बाजूचा एक माणूस कमी करावा लागतो.

पासचे प्ले आम्ही मोजून पाच ठेवले: स्टिक, मेश, स्मॅश, चार उभे (चौघेही सरळ पुढे), आणि स्क्रीन. मेशमध्ये दोन रिसीव्हर समोरासमोरून 6 यार्डांवर एकमेकांना ओलांडतात, इतके जवळून की हाताला हात लागावा. त्यांच्यात 3 यार्डांचं अंतर राहिलं तर मधून बचावाचा माणूस आरामात जातो. मुलं टक्कर होईल म्हणून अंतर ठेवतातच. चालत, मग जॉगिंग, मग पूर्ण वेगाने, या क्रमाने रोज करून घेतलं तरच ते जातं.

रांगेची शिस्तही अशीच. बाहेरचा रिसीव्हर रेषेवर आला आणि आतलाही रेषेवर राहिला, तर आतला झाकला जातो आणि त्याला पास देता येत नाही. दोघांनी आपापल्या बाजूच्या पंचाकडे हात करून ‘मी रेषेवर’ किंवा ‘मी मागे’ हे विचारून घ्यायचं; पंच खुणेने उत्तर देतात. लाइनमनमधलं अंतर 2 फूट ठरवलं, तर दमलेली मुलं तिसऱ्या क्वार्टरपर्यंत ते 6 इंचांवर आणतात, कारण जवळ उभं राहिलं की सुरक्षित वाटतं. मग बाहेरून येणाऱ्या एंडला क्वार्टरबॅकपर्यंतची वाट आखूड होते. जुन्या अग्निशामक पाइपच्या तुकड्यावर रंगाने खुणा करून तो सरावात जमिनीवर टाकायचा. यापेक्षा स्वस्त साधन मला माहीत नाही.

उन्हाळ्यातल्या 7-ऑन-7 स्पर्धांनी स्प्रेडचा प्रसार केला हे खरं. टेक्ससची राज्य स्पर्धा 1998 पासून चालते. पण त्यात लाइन नसते, अंगावर कोणी येत नाही, म्हणून क्वार्टरबॅक चार-चार सेकंद चेंडू धरून उभा राहायला शिकतो. सरावात अडीच सेकंदांनी शिट्टी वाजवायची, चेंडू हातात असेल तर तो सॅक, म्हणजे क्वार्टरबॅक चेंडूसकट पाडला गेला असं धरायचं. त्याच वेळी लाइनमनना मैदानाच्या कडेला पाणी पाजत बसवणारे कोच पाहिले आहेत. त्यांचा ऑगस्ट छान जातो, सप्टेंबर जात नाही.

वेगाचंही तसंच. 2019 पासून राष्ट्रीय हायस्कूल नियमांत दोन प्लेंमधलं 40 सेकंदांचं घड्याळ आल्यावर, हडल (प्ले ठरवायला जमणारा घोळका) न करता खेळणं सोपं झालं. कडेवरून दोघं खुणा करतात, त्यातला एक खोटा; मनगटावर क्रमांकांची पट्टी. पण तीन पास हुकले की घड्याळावर अर्धा मिनिटही न जाता चेंडू परत जातो, आणि आत्ताच बाहेर आलेला आपला बचाव पाणी न पिता परत मैदानात. पुढे असताना वेग उतरवायचा हुकूम हेड कोचचाच असावा. आक्रमणाच्या कोचला तो सुचत नाही. मलाही नाही.

एक यार्ड हवा असताना शॉटगन वाईट आहे, यात वाद नको. बॅकला चेंडू रेषेच्या 4-5 यार्ड मागे मिळतो, तोवर कोणीतरी आत घुसलेला असतो. म्हणून सेंटरला चिकटून उभं राहायचा एक छोटा संच ठेवायचाच: स्नीक (क्वार्टरबॅकने स्वतः पुढे घुसणं), एक साधी धाव, आणि सामना संपवताना वेळ काढायला गुडघा टेकणं. हे शेवटचं सगळे विसरतात. वर्षभर हवेतून चेंडू घेणाऱ्या क्वार्टरबॅकला आणि सेंटरला हातात हात देऊन होणारा स्नॅप जमत नाही, आणि 3 गुणांची आघाडी, 40 सेकंद बाकी, अशा वेळी चेंडू मांड्यांमध्ये सुटतो. दर गुरुवारी, सराव संपवताना, दहा वेळा. ओहायोत ऑक्टोबरच्या शेवटी पाऊस असतो, म्हणून त्यातले पाच ओल्या चेंडूने.